जिवाणूंचं जॉबवर्क: दहाची गोळी पाचवर कशी आली

माजलगावला माझ्या मामांचं मेडिकल आहे. दिवाळीत गेलो की दुपारी गिऱ्हाईक नसतं त्या टायमाला काउंटरमागच्या स्टुलावर बसायचं, चहा प्यायचा अन् मामांच्या गावगप्पा ऐकायच्या हा ठरलेला कार्यक्रम, पण यंदा त्यांनी मलाच धरलं. "तू वाळूजला औषधाच्या कंपनीत हाईस ना रे? मग एक सांग. सेट्रिझिन दहाची गोळी येते अन् लेवोसेट्रिझिन पाचची, शिंका दोन्हीनं सारख्याच थांबतेत. अम्लोडिपिन पाचची, एस-अम्लोडिपिन अडीचची. हे लेवो नायतर एस लावलं की औषध अर्धं कसं काय होतंय? अन् अर्धं होऊन वर महाग कामून?"

वीस-बावीस वर्षं रोज ह्या स्ट्रिपा कापून देणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडावा अन् एमएस्सी केमिस्ट्री करून क्यूसीत, म्हणजे मालाच्या तपासणीत, बसणाऱ्या मला सरळ उत्तर लगेच देता येऊ नये, ह्याची जरा लाजच वाटली. तेव्हा तुकड्यातुकड्यानं जे सांगितलं तेच इथं नीट लिहायलोय, मामांनी मध्येमध्ये मारलेल्या टोमण्यांसकट.

आधी गणपती घ्या. डाव्या सोंडेची मूर्ती आरशापुढं ठेवली की आरशात उजव्या सोंडेचा गणपती दिसतो. शाडू तेवढीच, उंची तेवढीच, रंग तोच, मोदकसुद्धा तोच, फक्त दुसऱ्या हातात. तराजूत टाकले तर फरक सापडणार नाही. पण दुकानात चुकून उजव्या सोंडेचा हातात आला तर आजी लगेच परत ठेवायला लावते, तो कडक असतोय, आपल्याच्यानं त्याचं सोवळं होत नाही म्हणून. बऱ्याच औषधांच्या रेणूंचं अगदी असंच आहे. अणू तेवढेच, कोण कुणाला जोडलाय तेही तेच, पण एक डाव्या सोंडेचा अन् एक उजव्या सोंडेचा. कार्बनला चार हात असतात अन् चारही हातांत चार वेगळ्या गोष्टी असल्या की त्या धरायच्या दोनच तऱ्हा निघतात, एक दुसरीचं आरशातलं रूप, कितीही फिरवा एकावर दुसरी बसत नाही. ह्या जोडीतल्या एकेकाला एनॅन्शिओमर म्हणतात. शब्द अवघड आहे, मी पुढं डावा-उजवाच म्हणणार.

आता गणपतीवरून फरक आहे हे कळतं, पण फरक पडतो कशाला हे कळायला सायकल लागते. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, नाहीतर चालवता चालवता ते सुटून येईल. सातवीत मला हे माहीत नव्हतं, मी डावं पायडल काढायला बसलो अन् नेहमीसारखा पाना फिरवला, जितका जोर लावला तितकं ते आणखी आवळत गेलं, शेवटी पाना घसरला अन् बोटं सोलली. तर उलट्या आट्याचा बोल्ट आडवा धरा, उभा धरा, डोक्याकडून बघा नाहीतर शेपटाकडून, आटे उलटेच राहतात, अन् सरळ आट्याच्या नटात तो बसत नाही म्हणजे नाही. पण वायसर घेतला तर? वायसरला आटेच नसतात, त्यातनं कोणताही बोल्ट आरपार जातो.

एवढं डोक्यात ठेवा, पुढचा सगळा लेख ह्या नट अन् वायसरवरच चाललाय.

आपलं शरीर म्हणजे नटांचं दुकान. आपली प्रोटीन्स ज्या अमिनो ॲसिडांपासून बनतात ती सगळी एकाच हाताची असतात, फक्त ग्लायसीन सोडून, कारण त्याला डावं-उजवं नसतंच. मग त्यांच्यापासून बनलेलं प्रत्येक एन्झाइम (रासायनिक काम घडवून आणणारं प्रोटीन) अन् प्रत्येक रिसेप्टर (औषध जिथं जाऊन बसतं ती जागा) हा आटे पाडलेला नट होतो. उलट प्रयोगशाळेतली साधी रसायनं म्हणजे वायसर. त्यांना डाव्या-उजव्यातलं काही कळत नाही, म्हणून फ्लास्कमध्ये साध्या पद्धतीनं असा रेणू बनवला की निम्मे डावे अन् निम्मे उजवे निघतात. ह्या मिसळीला रेसेमिक म्हणतात. तर मामांची सेट्रिझिनची दहाची गोळी म्हणजे पाच मिलिग्रॅम कामाचं अन् पाच मिलिग्रॅम जवळजवळ नुसतं बसून राहणारं. लेवोसेट्रिझिनमध्ये बसून राहणाऱ्याला आधीच बाहेर काढलेलं असतं.

"म्हणजे आपल्या सोसायटीच्या मीटिंगीसारखं," मामा म्हणले, "अर्धे सहीला अन् अर्धे चहाला."

नाकावर विश्वास असेल तर घरीच करून बघा. बाळंतशेपा चुरगळून वास घ्या अन् मग पुदिन्याचं पान चुरगळा. दोन्हींच्या वासामागं मोठा हात कार्व्होन नावाच्या एकाच रेणूचा आहे, फक्त शेपाच्या बियांत त्याचा एक हात अन् पुदिन्यात दुसरा. नाकातल्या रिसेप्टरांना ते दोन अगदी वेगळे वास वाटतात. आजवर कुणी बाळंतिणीच्या सुपारीत पुदिना टाकला नाही.

नावांचा एक घोळ इथंच मिटवून टाकतो. लेवो म्हणजे 'डाव्या मांडणीचा रेणू' असं बरेच जण समजतात, अगदी औषध कंपन्यांचे एमआरसुद्धा. लेवो म्हणजे एका खास प्रकारच्या प्रकाशाला तो रेणू डावीकडं वळवतो एवढंच. मांडणीला आर अन् एस अशी वेगळी नावं आहेत अन् दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, लेवोफ्लॉक्सासिन हा एस आहे अन् लेवोसेट्रिझिन हा आर. दोघंही लेवोच.

बसून राहणारा निम्मा भाग नेहमी निरुपद्रवीच असतो असं नाही. पार्किन्सनमध्ये देतात ते लेवोडोपा, जे आपल्या खाजकुइलीच्या बियांतही असतं, त्याचा दुसरा हात म्हणजे डी-डोपा. सुरुवातीला मिसळ दिली जायची तेव्हा पांढऱ्या पेशी कमी व्हायच्या, म्हणून तो बाहेर काढावा लागला. थॅलिडोमाइडची गोष्ट तर सगळ्या फार्मसी कॉलेजांत सांगतात. १९५७ ला जर्मनीत बाजारात आलं, गरोदर बायकांना मळमळीवर दिलं, दहा हजारांवर बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली, १९६१ ला मागं घेतलं. पण ती गोष्ट सांगताना पुढचं अर्धं गाळतात. थॅलिडोमाइडचा एकच चांगला हात दिला असता तरी उपयोग झाला नसता, कारण रक्तात गेल्यावर तो आपोआप दुसऱ्यात बदलत राहतो. म्हणजे उदाहरण गाजलेलं आहे, पण चुकीच्या ठिकाणी वापरलं जातं.

अन् मामांना हेही सांगितलं की प्रत्येक 'एस' लावलेल्या गोळीला भुलू नका. एसोमेप्राझोल घ्या. ओमेप्राझोलचे दोन्ही हात पोटातल्या ॲसिडच्या जागी पोचले की एकाच रूपात बदलतात, त्या रूपाला डावं-उजवं राहतच नाही. फरक आहे तो लिव्हर त्यांना किती वेगानं मोडतं त्यात. फरक खरा आहे, पण जाहिरातीत दाखवतात तेवढा नाही, असं माझं मत. दुसऱ्या बाजूला आपल्या घरचं उदाहरण आहे. मुरुमांवर अन् जखमेवर लावायचं नॅडिफ्लॉक्सासिनचं क्रीम मामांकडं असतंच, ते मिसळ. त्यातलाच एस हात वेगळा घेऊन वॉकहार्टनं, ज्यांचं रिसर्च सेंटर आपल्या संभाजीनगरला आहे, लेवोनॅडिफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक केलं अन् २०२० ला त्याला भारतात मान्यता मिळाली. औषधांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनं तर १९९२ लाच सांगून ठेवलंय की नवीन औषधात डावं-उजवं असेल तर दोन्ही हातांचा वेगवेगळा अभ्यास करा. तेव्हापासून कंपन्या सुरुवातीपासूनच एका हाताच्या मागं लागल्या.

आता मामांचा दुसरा प्रश्न, महाग कामून.

कारण डावं-उजवं वेगळं करणं हे ज्वारीतनं खडे निवडण्यासारखं नाही, खडा निदान दिसतो तरी. इथं वजन सारखं, वितळायचं तापमान सारखं, पाण्यात विरघळणं सारखं. पहिल्यांदा हे जमवलं लुई पाश्चरनं, १८४८ ला, वयाच्या पंचविशीत. वाइनच्या पिंपात साका बसतो त्यातलं टार्टारिक ॲसिड, त्याच्या मिसळीच्या एका क्षाराचे स्फटिक त्यानं भिंगाखाली बघितले तर निम्मे स्फटिक एका अंगाला कललेले अन् निम्मे दुसऱ्या. मग बसला चिमट्यानं एकेक वेगळा करत. ह्यात नशिबाचा भाग मोठा होता, कारण तो क्षार साधारण २७ अंशांच्या खालीच असा वेगवेगळ्या स्फटिकांत बसतो. पाश्चर एप्रिलमध्ये माजलगावला असता तर त्याला काहीसुद्धा दिसलं नसतं.

ते टार्टारिक ॲसिड आपल्या चिंचेत भरलेलं असतं, अन् झाडानं बनवलेलं म्हणून एकाच हाताचं. केमिस्ट लोक त्याचा फायदा घेतात. मिसळीत हे एका हाताचं ॲसिड टाकलं की डाव्याशी झालेली जोडी लवकर खाली बसते अन् उजव्याशी झालेली वर राहते, नाहीतर त्याच्या उलट. लेवोसेट्रिझिनसाठी हीच टार्टारिकची वाट जुनी अन् माहितीतली आहे. पण हिशोब मांडून बघा. शंभर किलो माल बनवला, पन्नास किलो कामाचा, उरलेल्या पन्नास किलोचं करायचं काय? कधी परत फिरवून वापरता येतो, कधी टाकून द्यावा लागतो, अन् टाकायलाही पैसे लागतात. मामांच्या महागाईचं उत्तर बरंचसं ह्या निम्म्यात आहे.

पाश्चरनं पुढं दहाएक वर्षांनी आणखी एक गोष्ट बघितली, माझ्या मते चिमट्यापेक्षा मोठी. टार्टारिकच्या मिसळीच्या पाण्यात बुरशी वाढली होती. त्या पाण्याची तपासणी केली तर उजवं टार्टारिक संपत चाललेलं अन् डावं तसंच. बुरशीनं एकच हात खाल्ला होता. तिला कुणी शिकवलं नव्हतं, ती हुशारही नव्हती, तिची एन्झाइमंच एका आट्याची होती, दुसरा बोल्ट त्यात बसतच नव्हता. केमिस्टला डावं-उजवं विकत घ्यावं लागतं, जिवाणूला अन् बुरशीला ते जन्मापासून मिळालेलं असतं. माझं सांगणं म्हणाल तर एवढंच आहे.

दह्याचंच बघा. विरजणातला एक जिवाणू लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस, तो दुधातल्या साखरेपासून डी हाताचं लॅक्टिक ॲसिड करतो (डी अन् एल ही दोन हातांची आणखी एक नावं). त्याच्याच शेजारी राहणारा स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस एल हाताचं करतो. पळून आल्यावर आपल्या पिंडऱ्यांत तयार होतं तेही एल. प्रत्येकाचा नट ठरलेला.

पण दही लावणं अन् औषधासाठी जिवाणू वापरणं ह्यात एक फरक आहे अन् तो वाळूज एमआयडीसीच्या भाषेत पटकन कळतो. दह्यात, किंवा इन्सुलिनमध्ये, जिवाणू साखर-बिखर खाऊन सगळा माल स्वतः बनवतो, म्हणजे स्वतःचा कारखाना असलेला माणूस. बायोकॅटॅलिसिसमध्ये, म्हणजे जिवाणूकडून नाहीतर त्याच्या एन्झाइमकडून रेणूवर काम करून घेण्यात, तो जॉबवर्क करतो. वाळूजला शेकडो शेड आहेत, मोठी कंपनी लोखंडाचा तुकडा पाठवते, शेडवाला त्याला एक भोक पाडतो नाहीतर एक आटा मारतो अन् परत पाठवतो. मटेरियल तुमचं, मजुरी आमची. जिवाणूला आपण केमिस्टनं बनवलेला, त्यानं जन्मात न पाहिलेला रेणू देतो अन् त्याच्याकडून एकच ऑपरेशन करून घेतो, जे आपल्या वायसरांना जमत नाही, ते म्हणजे योग्य हाताचा आटा मारणं.

हे जॉबवर्क तीन तऱ्हांनी चालतं.

पहिली तऱ्हा पाश्चरच्या बुरशीची, नको तो हात खाऊन टाकायचा. त्याचं उदाहरण औषधात शोधायची गरज नाही, आपल्या सोयाबीनमध्येच आहे. तणनाशकाच्या बाटलीवर बारीक अक्षरात फ्लुअझिफॉप-पी-ब्युटाइल लिहिलेलं असतं, त्यातला 'पी' म्हणजे एकाच हाताचं. त्यासाठी लागणारं एका हाताचं क्लोरोप्रोपिऑनिक ॲसिड मिळवायला इंग्लंडच्या आयसीआय कंपनीनं स्युडोमोनास जिवाणूचं एन्झाइम वापरलं, ते आर हाताचा क्लोरीन काढून टाकतं अन् एस हात तसाच शिल्लक राहतो. काम चोख, पण निम्मा माल गेलाच. म्हणजे मामांचा प्रश्न तिथंच राहिला.

दुसरी तऱ्हा मला सगळ्यात आवडते, अन् तिचं औषध प्रत्येक घरात आलेलं आहे. अमॉक्सिसिलिन. लेकराचा घसा धरला की डॉक्टर लिहून देतात तेच, गुलाबी सिरप. हा रेणू दोन तुकडे जोडून होतो. पहिला तुकडा पेनिसिलिनमधून काढतात. बुरशी पेनिसिलिन बनवते, त्याची शेपटी कापायची असते. पूर्वी ही शेपटी कापायला उणे ४० अंशांपर्यंत थंड करावं लागायचं, फॉस्फरस पेंटाक्लोराइडसारखं जळजळीत रसायन अन् डायक्लोरोमिथेनसारखं सॉल्व्हंट लागायचं. आता इ. कोलाय जिवाणूतलं पेनिसिलिन ॲसायलेज नावाचं एन्झाइम ही शेपटी साध्या पाण्यात, कोमट तापमानाला कापून देतं. जगात हजारो टन माल ह्या वाटेनं होतो.

दुसरा तुकडा म्हणजे एक अमिनो ॲसिड, पण डी हाताचं, म्हणजे आपल्या प्रोटीनमध्ये असतं त्याच्या उलट्या हाताचं. बाजारातली स्वस्त अमिनो ॲसिडं बहुतेक एल, अन् इथं नेमकं डी पाहिजे. केमिस्ट काय करतात, फिनॉल, ग्लायऑक्सिलिक ॲसिड अन् युरिया घेतात. हो, युरिया, खताच्या गोणीवर नाव असतं तोच. ह्या तिघांपासून हायडॅन्टॉइन नावाचा एक कडीसारखा रेणू बनतो, अर्थातच निम्मा डावा निम्मा उजवा. आता जिवाणूंतलं हायडॅन्टॉइनेज हे एन्झाइम येतं अन् फक्त डी हाताच्या कड्या उघडतं. उरल्या एल कड्या. इथं निम्मं वाया जायला पाहिजे होतं, पण ह्या कडीला एक खोड आहे, पाणी जरा अल्कलाइन असलं की ती स्वतःहून हात बदलत राहते, एलची डी होते, डीची एल. जिवाणू डी उचलत राहतो अन् शिल्लक एलमधून नवीन डी तयार होत राहतात. चिल्लरच्या डब्यातनं फक्त दहाची नाणी उचलावीत अन् डब्यानं आपोआप पाचची दहाची करत राहावीत असं. शेवटी डब्यात काहीच उरत नाही. शंभर किलोतले, कागदावर तरी, शंभर किलो. जपानच्या कानेगाफुची कंपनीनं हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं, पुढं ॲग्रोबॅक्टेरियम ह्या मातीतल्या जिवाणूचं दुसरं एन्झाइम लावून शेवटची पायरीही जिवाणूच्याच गळ्यात मारली.

मामा इथं पहिल्यांदा गप्प बसले. मग म्हणले, "हे मातर झकास हाय. नासलेलं परत दुकानात."

तिसऱ्या तऱ्हेत निम्म्याचा प्रश्न उठतच नाही, कारण सुरुवातच सपाट रेणूपासून होते. सपाट रेणूला डावं-उजवं नसतं. भाकरी आठवा. तव्यावर टाकली की पाणी एकाच अंगाला फिरवतात, वरच्या. तसा सपाट रेणूला हायड्रोजन नाहीतर अमोनिया एका अंगानं चिकटला तर डावा बनतो अन् दुसऱ्या अंगानं चिकटला तर उजवा. फ्लास्कमध्ये कोणतंही अंग वर येतं म्हणून पन्नास-पन्नास. एन्झाइम मात्र रेणूला आपल्या खाचेत असं धरतं की एकच अंग उघडं राहतं, दुसरं तव्याला टेकलेलं. पाणी लागणार ते वरच्याच अंगाला. जपानच्याच तानाबे कंपनीनं १९७३ ला इ. कोलायच्या अख्ख्या पेशी एका जेलमध्ये अडकवल्या, साबुदाण्यात जिवाणू भरावेत तसं समजा, तो साबुदाणा उभ्या नळकांड्यात भरला अन् वरून फ्युमॅरिक ॲसिड अन् अमोनियाचं पाणी सोडलं. खालून एल-ॲस्पार्टिक ॲसिड बाहेर. जिवाणू आतच राहतात, गाळायची भानगड नाही, अन् एकच नळकांडं महिनोन्महिने चालतं. जिवाणूंच्या पेशी अशा बांधून कारखान्यात कामाला लावल्याचं हे जगातलं पहिलं उदाहरण.

मामांच्या दुकानात सर्दीच्या दिवसांत सगळ्यात जास्त कोणती गोळी जाते विचारलं तर मॉन्टेलुकास्ट-लेवोसेट्रिझिन. त्यातल्या मॉन्टेलुकास्टची मुख्य पायरी म्हणजे असाच एक सपाट कीटोन एका बाजूनं हायड्रोजन लावून अल्कोहोल करणं. जुन्या पद्धतीत त्याला बोरॉनचं एक महागडं, ओलावा न चालणारं, कातडी जाळणारं रसायन लागायचं अन् शून्याच्या खाली वीस-पंचवीस अंश थंडी. मग लॅक्टोबॅसिलसच्या, म्हणजे आपल्या दह्याच्याच जातकुळीतल्या जिवाणूचं कीटोरिडक्टेज हे एन्झाइम सुधारून घेतलं, ते हेच काम ४५ अंशांना करतं, हायड्रोजनसाठी साधं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतं, सॅनिटायझरात असतं ते. ४५ अंश म्हणजे आपल्या मे महिन्याच्या दुपारपेक्षा थोडं जास्त. तुमच्या हातातली स्ट्रिप कोणत्या वाटेनं आली हे मात्र स्ट्रिपवर लिहिलेलं नसतं.

लेवोडोपाही अजिनोमोटो कंपनी अशाच तऱ्हेनं करायला लागली, एर्विनिया नावाचा झाडापाल्यावर राहणारा जिवाणू, त्याला कॅटेकॉल, पायरुव्हिक ॲसिड अन् अमोनिया दिलं की एकाच भांड्यात लेवोडोपा.

हे ऐकून वाटेल की सगळं सोपं आहे, जिवाणू पकडा अन् कामाला लावा. तसं अजिबात नाही. जिवाणूचं एन्झाइम त्याच्या स्वतःच्या संसारासाठी बनलेलं असतं, आपल्या औषधासाठी नाही. कंपनीचा रेणू त्याच्या खाचेत बसतच नाही, बसला तर काम कासवाच्या गतीनं, अन् माल साठला की एन्झाइम गुदमरतं. शुगरच्या सिटाग्लिप्टिनची गोष्ट ह्यासाठी ऐकण्यासारखी आहे.

सिटाग्लिप्टिन पूर्वी ऱ्होडियम ह्या महागड्या धातूच्या कॅटॅलिस्टनं (स्वतः न संपता काम घडवून आणणाऱ्या पदार्थानं) व्हायचं, २५० पीएसआय दाबाचा हायड्रोजन लावून. कारच्या टायरात तीसेक पीएसआय असतं, त्यावरून अंदाज करा, अन् हायड्रोजन म्हणजे ठिणगीला टपलेला गॅस. वर एवढं करून हात पूर्ण शुद्ध नाहीच, परत स्फटिक पाडून साफ करा, ऱ्होडियमचा कण न् कण काढा. मर्क अन् कोडेक्सिस ह्या दोन कंपन्यांनी आर्थ्रोबॅक्टर ह्या मातीतल्या जिवाणूचं ट्रान्सअमिनेज एन्झाइम घेतलं. पहिल्या दिवशी त्याचं काम किती? शून्य. रेणू आत शिरतच नव्हता. मग त्यांनी आधी त्या रेणूचा एक छोटा तुकडा देऊन बघितला, त्याला थोडं जमेल अशी खाच रुंद केली, मग पूर्ण रेणू. रुंद केली म्हणजे कशी, तर एन्झाइमच्या जीनमध्ये बदल करून हजारो नमुने बनवायचे, ते इ. कोलायमध्ये वाढवायचे, त्यातला बरा निवडायचा, त्यातच परत बदल, परत निवड. आपले आजोबा मालदांडीची निवडक कणसं बियाण्याला बाजूला बांधून ठेवायचे तेच, फक्त एक हंगाम वर्षाचा नसून काही दिवसांचा. अशा ११ फेऱ्या झाल्या अन् एन्झाइममध्ये २७ ठिकाणी बदल झाले. शेवटी जे निघालं ते लिटरमागं २०० ग्रॅम माल पचवायचं अन् योग्य हाताची चुकीच्या हातावरची आघाडी ९९.९५ टक्के, म्हणजे दहा हजार रेणूंत चुकीच्या हाताचे जेमतेम दोन-तीन. हे २०१० ला प्रसिद्ध झालं. असं बदल-निवड करून एन्झाइम घडवायची वाट ज्यांनी घालून दिली त्या फ्रान्सिस अरनॉल्ड बाईंना २०१८ ला केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. आपल्याकडं सिटाग्लिप्टिन स्वस्त झालं ते मात्र पेटंट संपल्यावर, जुलै २०२२ ला. तेव्हा स्वस्ताईचं सगळं श्रेय जिवाणूला देऊ नका, वकिलांचाही वाटा आहे.

त्या २०० ग्रॅमचा आकडा मी मुद्दाम सांगतोय. जिवाणूचं काम पाण्यात चालतं, सॉल्व्हंट कमी लागतं, म्हणून सगळे त्याला 'ग्रीन' म्हणतात. पण लिटरमागं १० ग्रॅमच माल निघाला तर किलोला १०० लिटर द्रावण हाताळावं लागतं, अन् २०० ग्रॅम निघाला तर फक्त ५ लिटर. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या भागात बसून हा हिशोब न करता ग्रीन-ग्रीन म्हणत बसणं मला पटत नाही.

अन् जिवाणूंचे नखरे असतात. मी ट्रेनी होतो तेव्हा एका छोट्या युनिटमध्ये रात्रपाळीला लाइट गेली अन् जनरेटर वेळेवर उचललाच नाही. फर्मेंटरची, म्हणजे जिवाणू वाढवायच्या टाकीची, हवा बंद. इ. कोलायला हवा कमी पडली की तो ॲसिड सोडायला लागतो, त्या ॲसिडनं स्वतःच मंदावतो. सकाळपर्यंत बॅच गेली, नुसता कुजका वास, अन् ती उकळून मारून ईटीपीला, म्हणजे सांडपाण्याच्या प्लँटला, पाठवायचं काम ट्रेनींच्याच वाट्याला. पॅलेडियमसारखा धातूचा कॅटॅलिस्ट असलं काही करत नाही, एवढं त्याच्या बाजूनं बोललं पाहिजे. म्हणून बऱ्याच ठिकाणी जिवंत जिवाणू वापरतच नाहीत, तो आधी वाढवून, फोडून, नुसतं एन्झाइम कोरड्या पावडरीसारखं ठेवतात. पण जिवंत पेशीचा एक फायदा असा की हायड्रोजन वाहून नेणारा महागडा मदतनीस रेणू ती स्वतः परत परत चार्ज करते, वरून थोडा ग्लुकोज टाकला की झालं. नुसत्या एन्झाइमला तो बंदोबस्त वेगळा करावा लागतो, मॉन्टेलुकास्टमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल त्याच कामाचं.

शेवटी मामांनी मनातलं विचारलंच. "म्हणजे गोळीत जंतू असतेत का रे?"

नाही. काम झालं की जिवाणू किंवा एन्झाइम गाळून काढतात, मालाचे स्फटिक पाडतात, धुतात, वाळवतात, मग आमच्यासारखे क्यूसीवाले तपासतात. डावं-उजवं तपासायला आमच्याकडंही नटच असतो, एका हाताचा मसाला भरलेला कॉलम. दोन्ही हात त्यातनं जातात, पण एक जण आत जरा रेंगाळतो, म्हणून मशीनवर दोन वेगळे डोंगर दिसतात. दुसरा डोंगर ठरलेल्या उंचीच्या वर गेला की बॅच थांबली. अन् मामा, जंतू-जंतू काय करता, तुमचे साडू परभणीच्या विद्यापीठातनं बायोमिक्स आणून हळदीला देतात, त्यातही जिवाणू अन् बुरश्याच असतात, अन् तुम्ही आत्ता जेवताना ताक प्यालात ते काय होतं.

तेवढ्यात एक बाई लेकराला कडेवर घेऊन आल्या, हातात डॉक्टरची चिठ्ठी, अमॉक्सिसिलिनचं सिरप. मामांनी बाटली काढली, उकळून गार केलेलं पाणी रेघेपर्यंत घालायचं, नीट हलवायचं, दिवसातनं तीनदा द्यायचं, मधेच बंद करायचं नाही, सगळं सांगितलं, पैसे घेतले. बाई पायरी उतरल्यावर माझ्याकडं वळून हळूच म्हणले, "तुझं समदं पटलं. पण गिऱ्हाइकापुढं तो युरिया अन् ते जंतू, दोन्ही शब्द काढायचे नाहीत."